अँटीबॉडी शून्य, तरी देवणी ठणठणीत!

२०२२ च्या पावसाळ्यात लंपी या गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूरोगाची मोठी साथ महाराष्ट्रात उसळली आणि सप्टेंबरात अख्खं राज्य ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झालं. गुरांचे बाजार बंद, जनावरांची ने-आण बंद. उदगीर तालुक्यातलं हाळी-हंडरगुळी म्हणजे बैलबाजाराचं गाव. तिथं बाजार भरत नाही म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गाय दगावली तर ३०,००० रुपये, बैलाला २५,०००, वासराला १६,००० अशी सरकारी मदत ठरली. सुमारे १ कोटी ४० लाख गाई-बैल असलेल्या राज्यात गोठ्या-गोठ्यात जाऊन लस टोचायची एकच धांदल उडाली.

गंमत म्हणजे ती लस गाईची नव्हतीच. शेळीची होती!

शेळ्यांना होणाऱ्या देवीच्या रोगावरची ‘उत्तरकाशी’ नावाच्या विषाणूवाणाची ही लस. लंपी, शेळीची देवी आणि मेंढीची देवी हे तिन्ही विषाणू एकाच घराण्यातले. त्यांचा जनुकीय मजकूर सुमारे ९६ ते ९७ टक्के सारखा असतो. त्यामुळे शेळीच्या लशीवर तयार झालेलं शरीर लंपीलाही ओळखतं.

याहून मोठी गंमत पुढं आहे. लस टोचलेल्या गाईचं रक्त तपासलं, तर अँटीबॉडी कित्येकदा जेमतेमच निघतात, काही जनावरांत तर सापडतही नाहीत. तरीही ते जनावर रोगापुढं उभं राहतं. लंपीतून बरं झालेल्या, पण रोग सौम्यच झालेल्या जनावराचंही तेच. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या तपासणी-ग्रंथात तर सरळ म्हटलंय की, लस घेतलेलं किंवा रोग होऊन गेलेलं जनावर किती सुरक्षित आहे, हे रक्तातल्या अँटीबॉडीच्या पातळीवरून ठरवता येत नाही.

मग गाईला वाचवतं कोण? तर टी पेशी, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. आज त्यांचेच किस्से ऐकायचे आहेत.

वेस आणि घर

अँटीबॉडी म्हणजे वेशीवरचा पहारा. विषाणू रक्तात, लाळेत, शेंबडात मोकळा फिरत असेल तोवर त्या त्याला गाठतात. एकदा का तो पेशीच्या आत शिरला की अँटीबॉडीचा हात तिथं पोचत नाही. तिथं घरझडती घेणारी माणसं लागतात, आणि ते काम टी पेशींचं. ही झडती होते कशी? आपली जवळपास प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे सतत स्वतःच्या पृष्ठभागावर मांडत असते. त्यात विषाणूचा तुकडा दिसला की मारक टी पेशी चिकटते, परफोरिन नावाच्या प्रथिनानं त्या पेशीला भोकं पाडते आणि ग्रॅन्झाइम नावाची मारक प्रथिनं आत सोडते. बिघडलेली पेशी मरते आणि तिच्यासोबत विषाणूचा कारखानाही बंद पडतो.

देवी घराण्यातले विषाणू बराच काळ पेशींच्या आतच मुक्काम ठोकतात. म्हणून लंपीत खरी लढाई टी पेशींची असते. माणसांच्या देवीच्या लशीच्या काळातही डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. ज्या मुलांत टी पेशींचा जन्मजात दोष होता, त्यांच्या दंडावरचा लशीचा फोड भरूनच येत नसे. तो पसरत जाई आणि जिवावर बेते.

खोड्यातली गाय

देवणी ही गाईची जात म्हणजे लातूर जिल्ह्याची शान. पांढरं अंग नि काळं तोंड ती वानेरा, सबंध पांढरी ती बाळंक्या, काळी-पांढरी ठिपक्यांची ती शेवरा. शेजारी नांदेडच्या कंधारची लाल कंधारी. यातली कुठलीही गाय खोड्यात उभी करा, लस टोचायची रीत एकच. मानेवरची कातडी चिमटीत उचलायची, मांसात न जाता कातडीखाली सुई सरकवायची, १ मिलिलिटर लस सोडायची आणि पुढच्या जनावराला नवी सुई घ्यायची. ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. एकच सुई गोठाभर फिरली तर आपणच रोग वाटत फिरतो.

काही जनावरांना आठवड्याभरात टोचल्या जागी छोटीशी गाठ येते आणि गोठ्यातून पहिला प्रश्न येतो, “डॉक्टरसाहेब, लसच लागली की काय?” तसं नसतं. शरीराच्या पेशी कामाला लागल्या की अशी सूज येऊ शकते, आणि बहुतेक वेळा ती आपोआप जिरते. लशीचा पुरता जोर यायला मात्र तीन-चार आठवडे जातात. त्याआधीच डास, चावऱ्या माश्या किंवा गोचीड यांनी विषाणू आणला तर लशीचा दोष नाही. म्हणून साथ दाराशी यायच्या आत टोचून घ्यावं.

आणखी एक चटपटीत माहिती. प्रयोगांत मुद्दाम लंपीची लागण केलेल्या गुरांपैकी जवळपास निम्म्यांच्याच अंगभर गाठी उठतात. उरलेल्यांतली कित्येक वरून धडधाकट दिसतात.

गुठळीत राहिलेलं उत्तर

आता माणसांकडे वळू, आणि तेही थेट नांदेडला. मे २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) देशभरातून ७० जिल्हे निवडले. किती लोकांना कोरोना होऊन गेला हे रक्तातल्या अँटीबॉडीवरून शोधायचं होतं. महाराष्ट्रातले ६ जिल्हे त्यात होते : नांदेड, परभणी, बीड, सांगली, जळगाव, अहमदनगर. म्हणजे निम्मे मराठवाड्याचेच! प्रत्येक जिल्ह्यात १० गावं किंवा वॉर्ड, प्रत्येक ठिकाणी ४० प्रौढ माणसं, असे जिल्ह्याला ४०० नमुने. चाचणीचा संच होता पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं (एनआयव्ही) घडवलेला ‘कोविड कवच’. पहिल्या फेरीत देशाचा आकडा निघाला ०.७३ टक्के. त्याच ७० जिल्ह्यांतल्या चौथ्या फेरीत, २०२१ च्या जून-जुलैत, तो ६७.६ टक्क्यांवर पोचला.

या आकड्यांत टी पेशी कुठं आहेत? कुठंच नाहीत. कारण अगदी साधं आहे. शिरेतून काढलेलं रक्त नळीत थोडा वेळ ठेवलं की गोठतं. खाली लाल गुठळी बसते, वर पिवळसर पाणी सुटतं. ते पाणी म्हणजे सीरम. अँटीबॉडी त्यात असतात, म्हणून तपासणीला सीरम जातं. टी पेशी खालच्या गुठळीत अडकलेल्या असतात आणि गुठळी टाकून दिली जाते.

यात आळस नाही, सोय आहे. सीरम गोठवून शेकडो किलोमीटर नेता येतं, महिनोन्‌महिने ठेवता येतं. टी पेशी मात्र जिवंत लागतात. रक्त काढल्यापासून काही तासांत त्या वेगळ्या काढाव्या लागतात, विषाणूचे तुकडे दाखवून त्या खवळतात का ते पाहावं लागतं. कंधार किंवा किनवटच्या खेड्यातून असं रक्त वेळेत प्रयोगशाळेत पोचवणं किती जिकिरीचं! त्यामुळे सर्वेक्षणाचा आकडा खोटा नव्हता, पण त्यानं जे मोजलं त्याच्या पलीकडेही लोक होते.

किती लोक पलीकडे?

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्येच रुग्णांच्या घरच्या माणसांचं रक्त तपासलं. कित्येकांत अँटीबॉडी नव्हत्या, पण कोरोनाला ओळखणाऱ्या टी पेशी हजर होत्या. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या अभ्यासात तर घरातल्या काही जणांना ताप-खोकल्यासारखी लक्षणं येऊन गेली होती, तरी अँटीबॉडीची चाचणी कोरीच. टी पेशींनी मात्र साक्ष दिली.

लंडनच्या दवाखान्यांतली हकीकत त्याहून भारी. २०२० च्या पहिल्या लाटेत रोज रुग्णांत वावरणाऱ्या काही आरोग्य कर्मचाऱ्यांची ना आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आली, ना अँटीबॉडी बनल्या. त्यांच्या टी पेशी तपासल्या तेव्हा दिसलं की, विषाणू स्वतःच्या नकला काढायला जी यंत्रणा वापरतो, तिचे तुकडे ओळखणाऱ्या पेशी त्यांच्यात ठळक होत्या, आणि काहींत तर साथीच्या आधीपासून होत्या. साध्या सर्दीच्या कोरोना विषाणूंतही ही यंत्रणा बरीच सारखी असते. लागण सुरू होता होताच मोडली गेली असावी, असा संशोधकांचा निष्कर्ष.

आणि स्मरणशक्ती? २००३ मध्ये सार्स हा कोरोनाच्याच कुळातला रोग होऊन गेलेल्या सिंगापूरच्या लोकांत १७ वर्षांनंतरही सार्सला ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या. सार्सच्या अँटीबॉडी मात्र बहुतेकांत काही वर्षांतच ओसरल्या होत्या.

कोरी चाचणी कशामुळं?

२०२१ मध्ये लस घेतली की पंधरवड्यात अँटीबॉडी तपासायची टूम निघाली होती. आकडा कमी आला की घरात सुतकी चेहरे! त्यातली एक खोच फार थोड्यांना कळली. काही चाचण्या विषाणूच्या आतल्या ‘एन’ प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून आलेली कोविशिल्ड मात्र फक्त बाहेरच्या काट्यांचं, म्हणजे ‘एस’ प्रथिनाचं शिक्षण देते. त्यामुळं कधीही कोरोना न झालेल्या माणसानं कोविशिल्ड घेऊन ‘एन’ची चाचणी केली, तर ती निगेटिव्ह येणारच. कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला सबंध विषाणू असतो, तिथं गणित वेगळं. लशीनंतर संरक्षण तपासायला अँटीबॉडी चाचणी वापरू नका, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मे २०२१ मध्येच बजावलं होतं.

लातूरच्या पोरांना हे तोंडपाठ

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीसाठी लातुरात खोली घेऊन राहिलेल्या कुठल्याही मुलीला विचारा. बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातला ‘मानवी आरोग्य आणि रोग’ हा पाठ तिचा पाठ असतो. बी पेशी अँटीबॉडी बनवतात, टी पेशी स्वतः अँटीबॉडी बनवत नाहीत पण बी पेशींना मदत करतात, आणि दुसऱ्याची किडनी शरीर परतवून लावतं ते टी पेशींच्या प्रतिकारशक्तीमुळं. चार पर्यायांतला बरोबर पर्याय ती झोपेतही सांगेल. तिला कुणी हे मात्र सांगायला हवं की, या ओळी पुस्तकात येण्यामागं एक कोंबडी, एक गिनीपिग आणि एक आठ वर्षांचा मुलगा आहे.

कोंबडीचं आधी. पक्ष्यांच्या शेपटीजवळ आत एक छोटी पिशवी असते. इटलीतल्या पदुआचा शरीररचनाकार फॅब्रिशियस याच्या नावानं ती ओळखली जाते. तिचं काम काय, हे शतकानुशतकं कुणाला ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या ओहायोत ब्रूस ग्लिक नावाच्या विद्यार्थ्यानं पिल्लांची ही पिशवी काढून टाकली. पुढं त्याच कोंबड्या दुसऱ्याच प्रयोगासाठी वापरल्या गेल्या आणि त्यांच्यात अँटीबॉडी बनेनात! नामांकित ‘सायन्स’ मासिकानं हा लेख नाकारला. १९५६ मध्ये तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात आला आणि प्रतिकारशक्तीच्या शास्त्रातला मैलाचा दगड ठरला. १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी कोंबड्यांवरच दाखवून दिलं की, पिशवीचं खातं वेगळं आणि थायमस ग्रंथीचं खातं वेगळं. पिशवीवरून ‘बी’, थायमसवरून ‘टी’.

गिनीपिग त्याआधीचा. १९४२ मध्ये कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी विशिष्ट पदार्थाला कातडीवर उशिरा सूज येणारे गिनीपिग घेतले. त्यांचं सीरम निरोगी गिनीपिगला दिलं, काही झालं नाही. त्यांच्या पेशी दिल्या, तर सूज यायला लागली. सीरममध्ये नसलेलं काहीतरी पेशींमध्ये आहे, याचा हा पहिला पक्का पुरावा. रक्तगट शोधून काढणारा लँडस्टायनर तो हाच.

ही सूज तुम्ही बहुधा पाहिलेली आहे. क्षयाच्या शंकेनं हाताच्या आतल्या बाजूला कातडीत टोचतात ती माँटू चाचणी. ४८ ते ७२ तासांनी डॉक्टर बोटानं चाचपून कडक झालेला भाग शोधतात आणि पट्टी लावून मिलिमीटरमध्ये मोजतात. लाली मोजत नाहीत, कडकपणा मोजतात. तो कडकपणा म्हणजे तिथं गोळा झालेल्या टी पेशी आणि त्यांनी बोलावलेल्या इतर पेशी. टी पेशींचं काम साध्या पट्टीनं मोजता यावं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

आणि तो मुलगा. १९५२ मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांच्याकडे तो आला. पुन्हा पुन्हा गंभीर जंतुसंसर्ग व्हायचा. तपासलं तर अँटीबॉडीचा अंशच रक्तात नाही. पुढं असे अनेक रुग्ण सापडले आणि एक कोडं उभं राहिलं : जिवाणूंपुढं हतबल होणारी ही मुलं गोवर-कांजिण्यांतून मात्र चारचौघांसारखी बरी होत. इटलीत २०२० मध्ये अशा दोघा रुग्णांना कोविडचा न्यूमोनिया झाला, आणि दोघेही व्हेंटिलेटरविना बरे झाले. अँटीबॉडी शून्य असूनही.

इथं थोडं थांबून एक गोष्ट ठासून सांगायला हवी. अँटीबॉडी बिनकामाच्या आहेत असं यातून अजिबात निघत नाही. ब्रूटन यांच्याकडे आलेल्या त्या मुलाला बाहेरून अँटीबॉडी टोचत राहिल्यानंच आराम पडला. पोलिओच्या कुळातले विषाणू अशा मुलांना फार छळतात. आणि टी पेशी लागण झाल्यावर कामाला लागतात, लागण दारातच रोखणं हे अँटीबॉडीचंच काम. दोन्ही हवंच.

खरवस खाण्याआधी

माणसाच्या बाळाला आईच्या अँटीबॉडी वारेतून पोटातच मिळतात. गाईच्या वारेतून त्या पार होत नाहीत. वासरू जन्मतं तेव्हा त्याचं रक्त अँटीबॉडीच्या बाबतीत जवळजवळ कोरं असतं. सगळी भिस्त चिकावर! पहिल्या काही तासांत वासराचं आतडं अँटीबॉडी सबंध आत घेतं, मग दर तासाला ही वाट आकसत जाते आणि दिवसभरात बंद होते. चिकात नुसत्या अँटीबॉडीच नसतात, आईच्या जिवंत पांढऱ्या पेशीही असतात, आणि त्यातल्या काही वासराच्या रक्तात पोचतात. म्हणून खरवसाची वडी कितीही आवडती असो, पहिला चीक वासराचाच. लंपी होऊन गेलेल्या किंवा लस घेतलेल्या गाईचं वासरू चिकाच्या जोरावर काही महिने तरतं, आणि म्हणून त्याला लसही जन्मल्यावर लगेच देत नाहीत.

वासराच्या रक्तात अजून एक नवल असतं. गॅमा-डेल्टा नावाच्या टी पेशी माणसाच्या रक्तातल्या टी पेशींत मूठभरच असतात. लहान वासरात मात्र रक्तातल्या लिम्फ पेशींपैकी निम्म्याहून जास्त याच असू शकतात! उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना हा धडा माणसांच्या डॉक्टरांपेक्षा जास्त जवळचा.

शिवाय गाईचं आपल्यावर एक ताजं ऋण आहे. क्षय शोधण्याची ‘इग्रा’ ही रक्तचाचणी आता मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये होते. रक्तातल्या टी पेशींना क्षयाच्या जंतूचे तुकडे दाखवायचे आणि त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडतात का ते पाहायचं, ही तिची युक्ती. ही युक्ती आधी ऑस्ट्रेलियात गाईंच्या क्षयासाठी निघाली, माणसांना ती नंतर मिळाली.

काविळीची लस आणि दहाचा आकडा

आता पुन्हा माणसांकडे. हिपॅटायटिस ‘बी’ या काविळीची लस बाळाला जन्मतःच मिळते. दर मिलिलिटरला १० मिली-युनिट अँटीबॉडी म्हणजे संरक्षण, असा लशीनंतर लगेच मोजायचा निकष. दहा-पंधरा वर्षांनी हा आकडा कित्येकांत १० च्या खाली घसरतो, कधी सापडतही नाही. तरी निरोगी माणसाला सहसा पुन्हा डोस लागत नाही. स्मृती धरून बसलेल्या बी आणि टी पेशी विषाणू दिसताच उठतात, आणि ही कावीळ हळू वाढणारी असल्यानं त्यांना वेळही मिळतो.

आणि याच्या बरोबर उलटं : नागीण

कांजिण्या होऊन गेल्या की विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून बसतो. साठीनंतरही त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी रक्तात छान टिकून असतात. तरी नागीण उठते! कारण विषाणूला दाबून ठेवणाऱ्या टी पेशी वयानं थकतात. मधुमेहात, कर्करोगाच्या उपचारांत, स्टेरॉइडच्या औषधांत नागिणीचा धोका वाढलेला असतो, तेही प्रतिकारशक्ती दुबळी पडल्यानंच. रक्ताच्या चाचणीत अँटीबॉडी भरपूर आणि कमरेवर फोडांची रांग, असं एकाच माणसात दिसू शकतं.

नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस जातो, असं आपल्याकडे म्हणतात. ती सहसा जुळत नाहीत, कारण विषाणू एका बाजूच्या एका मज्जातंतूतून बाहेर येतो आणि शरीराच्या मध्यरेषेशी थांबतो. मंत्र घालून किंवा गेरू लावून वेळ दवडू नये. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सगळ्यात चांगला होतो, आणि डोळ्याजवळ फोड आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मुख्यतः टी पेशींना पुन्हा जागं करण्यासाठी घडवलेली नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते. पन्नाशीपुढच्यांसाठी ती आहे, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. महाग आहे, पण आजीला नागीण होऊन वर्षभर कातडीला पदराचा स्पर्शही सोसत नसे हे ज्या घरांनी पाहिलंय, त्यांनी डॉक्टरांना एकदा जरूर विचारावं.